सोळा एकर बर्फ

बर्फात फिरायला गेलेल्या माणसाची मांडी भाजते, हे आमच्या डॉक्टरांना पटवताना माझी पुरेवाट झाली.

"बर्फात? कुठं गेला होता?"

"इथंच. मंगळवार पेठेत."

त्यांनी मलम लिहून दिलं आणि न सांगता रक्तदाबही तपासला.

झालं असं, की मे महिन्यात शेजारचे मनालीला गेले आणि तिथून रोज बर्फाचे फोटो पाठवायला लागले. इकडं घरात एक कूलर आणि त्याच्यासमोर बसायला पाच माणसं. तिसऱ्या दिवशी हिनं फोटो बघत विचारलं, "आपण कधी?" मी खर्चाचा विषय काढणार तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काका, फुकटात नेतो की!"

सेकंड लाइफ नावाचं एक जग 2003 सालापासून इंटरनेटवर नांदतंय; तिथं आपल्या वतीनं पडद्यावर एक बाहुला हिंडतो. ते उघडलं अमेरिकेतल्या लिंडेन लॅबनं, पण आतली घरंदारं, झाडं, हॉटेलं बहुतेक तिथल्या रहिवाशांनीच बांधलेली. त्यात एकानं म्हणे बारमाही हिवाळ्याचं रिसॉर्ट काढलं होतं. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. जमीन घ्यायची तर पडतात. जमीन म्हटल्यावर कागलहून आलेले आमचे तात्या खाटेवर उठून बसले.

"रान किती?"

"एक तुकडा 256 मीटर लांब, तेवढाच रुंद."

तात्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "सोळा एकर झालं की! आन् लावलंय काय त्यात?"

"बर्फ."

"सोळाच्या सोळा एकरात?"

"हो. आणि त्याचं दर महिन्याला भाडं भरतो तो मालक."

"एकरी चाळीस टन धर. सहाशे चाळीस टन ऊस गेला," असं म्हणून तात्या भिंतीकडं तोंड करून झोपले. त्यांना ते सोसवलं नाही.

रात्री साडेनऊला निघालो. तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं, म्हणजे सकाळचे नऊ. पण सूर्य जागामालकाच्या मर्जीवर चालतो आणि या मालकानं कायमची चांदणी रात्र लावून ठेवली होती. पोचलो तेव्हा मला देहच नव्हता. नुसता धुराचा एक लोट हवेत. भोवतीची झाडं करडी, घरं करडी. हळूहळू एकेकाला रंग चढला, शेवटी मलाही हातपाय फुटले आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला मी ढोपरभर बर्फात उभा राहिलो.

"आरं, कानटोपी तरी घाल!" आई मागून ओरडली.

समोर एक उंच गृहस्थ शेकोटीपाशी उभे होते. आपण कोल्हापूरचे, गप्प कसं बसायचं? राम राम घालायला गेलो. पण अक्षरं चॅटच्या चौकटीत न पडता भलतीकडं पडली. तिथं ए दाबलं की माणूस डावीकडं वळतो, हे मला काय माहीत! मी त्या गृहस्थांना गर्रकन पाठ दाखवली. पाहुणचाराला आम्ही जगात भारी, आणि सुरुवात ही अशी.

मग दारात फुकट स्केट्स मिळाले. ते 'घाला' असं म्हणताच पायात न येता अख्खं खोकं उजव्या हाताला चिकटलं. खोकं हा शब्द महाराष्ट्रात हल्ली जपून वापरावा लागतो, पण होतं ते खोकंच. ते सोडून आतला माल बाहेर काढायचा असतो, ही अक्कल मला पुढं आली. तोवर मी पाहुण्यांकडं पेढे घेऊन निघाल्यासारखा बर्फभर फिरलो.

दरम्यान लॅपटॉप गिरणीसारखा घरघरायला लागला होता. आकाशातनं पडणारा प्रत्येक कण त्या बिचाऱ्यालाच रंगवायचा होता. जितका बर्फ दाट तितका हा लाल. पुतण्यानं कूलर उचलून टेबलाजवळ आणला आणि त्याचं तोंड लॅपटॉपकडं केलं. आई पदरानं वारा घेत म्हणाली, "एवढं थंड गाव, मग ह्यो कशानं तापलाय?"

तळ्यावर दोन गोळे तरंगत होते, एक निळा, एक गुलाबी. निळ्यावर क्लिक केलं. तुम्हाला हलवायची परवानगी आहे का, असा प्रश्न आला. इतक्या अदबीनं मला कुणी विचारत नाही, म्हणून लगेच हो म्हटलं. आणि हातात खोकं घेतलेला मी झोकात घसरायला लागलो! घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला गुलाबी गोळ्यावर कुणीतरी येऊन बसलं. पांढरा कोट, कमरेपर्यंत केस. ते जोडीचं स्केटिंग होतं. तिनं माझा हात धरला, बहुधा खोक्यासकट.

टाळ्या थांबल्या.

"ही कोण?" हिनं विचारलं.

थांबायचं बटण सापडेना. एकेक फेरीला ती बाई माझ्या खांद्याला जास्तच टेकायला लागली. पडदा तेवढा हिच्या नजरेआड व्हावा म्हणून मी लॅपटॉप कूलरसमोरून उचलून मांडीवर ओढला. तो वर्मी बसला. पातळ लेंगा, खाली तवा! ओरडावं तर का ओरडलो ते सांगावं लागणार. चार फेऱ्या मी दात आवळून, हसऱ्या तोंडानं मारल्या. मग पडदा आपोआप काळा झाला.

"बरोबर त्याच वेळी बंद पडला व्हय?" ही म्हणाली.

खाटेवरून तात्यांचा आवाज आला, "बाई कशावरनं म्हणतीस गं? मिशीवाला बाप्या आसंल." त्यांना वाटलं, त्यांनी मला वाचवलं.

सकाळी मी मलम लावत बसलो होतो. स्वयंपाकघरातून हिनं पुतण्याला हाक मारली.

"आरं, मला पण एक खातं काढून दे. आज मी जातो. आन् पहिल्यांदा ते खोकं कसं सोडायचं तेवढं शिकव."