रॅगटाइमची ‘पहिली’ रेकॉर्ड जर्मन नाही

‘रॅगटाइम (जॅझच्या आधीचं लयदार अमेरिकी संगीत) सर्वांत आधी जर्मन लष्करी बँडने रेकॉर्ड केलं, तबकडीवर हॅनोव्हर (जर्मनीतलं शहर) लिहिलंय, हाच पुरावा’ हा मेसेज मीच गेल्या आठवड्यात पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे. मनापासून माफी मागतो.

त्या काळी ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या हॅनोव्हरला छापल्या जात, रेकॉर्डिंग कुठलंही असो. गायिका गौहर जान 1902 मध्ये कोलकात्यात गायल्या, त्या तबकड्याही हॅनोव्हरलाच छापल्या गेल्या. लेबलवरचं गाव म्हणजे कारखान्याचं गाव, वादकांचं नव्हे. हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

अमेरिकेत बँजोवादक व्हेस ऑसमन यांनी 1890 च्या दशकातच रॅगटाइम रेकॉर्ड केलं होतं. रॅगटाइमचे प्रसिद्ध संगीतकार स्कॉट जोप्लिन यांच्या ‘मेपल लीफ रॅग’ या रचनेचं (1899) आज ऐकायला मिळणारं सर्वांत जुनं रेकॉर्डिंग 1906 चं. तेही लष्करी बँडचंच, पण अमेरिकेच्या मरीन बँडचं! घोळ बहुधा इथेच झाला.

जर्मन लष्करी बँडनीही त्या काळात केकवॉक (रॅगटाइमच्या जवळचं अमेरिकी नृत्यसंगीत), रॅगटाइम वाजवून रेकॉर्ड केलं, आणि ते जरूर ऐकावं. फक्त ‘पहिली’ म्हणू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.