व्हिनेगर, टूथपेस्ट आणि गाडीवरचे पाण्याचे डाग: एका फॉरवर्डची झडती

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा एक मेसेज बहुतेकांना आला असेल. मजकूर थोडक्यात असा: 'गाडीवरचे पांढरे डाग म्हणजे नुसता क्षार. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घाला, गाडी उन्हात उभी करून लावा, 15-20 मिनिटं वाळू द्या आणि पुसा. हट्टी डागावर टूथपेस्ट घासा. शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवा. पुढे डाग पडू नयेत म्हणून गाडी आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याने धुवा, नाहीतर सिरॅमिक कोटिंग करून घ्या, मग डाग पडतच नाहीत. डिटेलिंगवाल्याला हजारो रुपये कशाला घालवायचे?'

शेवटच्या प्रश्नात तथ्य आहे. बरेच डाग घरी, शंभर रुपयांच्या आत निघतात. पण या मेसेजने सांगितलेल्या पद्धतीने नाही.

'डाग म्हणजे नुसता क्षार.' इथेच पहिली गफलत. खडकवासल्याहून येणारं धरणाचं पाणी तसं मवाळ असतं. वाघोली, उंड्री, हिंजवडीकडे बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत मात्र काळ्या खडकातून आलेलं जड पाणी असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार जागेवर राहतात. हिशोब सोपा आहे: टीडीएस (लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम) 800 असलेलं पाव लिटर पाणी गाडीवरच वाळलं, तर 200 मिलिग्रॅम क्षार पत्र्यावर बसले. हा झाला पहिल्या प्रकारचा डाग, रंगाच्या वर बसलेला. तो आठवडेच्या आठवडे उन्हात तापत राहिला, वर धुळीतलं सिमेंट आणि पक्ष्यांची घाण पडत गेली, की खालचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाल्ला जातो आणि तिथे उथळ खड्डा पडतो. हा दुसरा प्रकार. क्षार निघून गेला तरी वर्तुळ दिसतच राहतं, कारण तिथे आता काढण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

आधी प्रकार ओळखा. गाडी शाम्पूने धुवून कोरडी करा. बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून डागावरून हलकेच फिरवा. खरखर लागली तर क्षार वर आहे. हाताला गुळगुळीत लागतंय, पण टॉर्च तिरका धरल्यावर कडं दिसतंय, तर रंग खाल्ला गेला आहे. पहिल्याला ॲसिड चालतं, दुसऱ्याला पॉलिश लागतं. मेसेजने दोघांना एकाच बाटलीतलं औषध दिलं आहे.

'व्हिनेगरमध्ये सोडा घाला.' फेस येतो, म्हणून काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात क्षार विरघळवणारं ॲसिड सोडा तिथल्या तिथे मारून टाकतो. 5 टक्क्यांच्या 100 मिली व्हिनेगरमधलं सगळं ॲसिड संपवायला 7 ग्रॅम सोडा, म्हणजे जेमतेम दीड चहाचा चमचा पुरतो. उरतं ते सोडियम ॲसिटेटचं मिठवणी. सोड्याची जागा नंतरची आहे, ती पुढे येईल.

'उन्हात लावा, वाळू द्या.' मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ ही. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवता येत नाही. तिथे व्हिनेगर लावलं तर त्यातलं पाणी आधी उडतं, ॲसिड घट्ट होत जातं आणि विरघळलेला क्षार पुन्हा तिथेच वाळतो. म्हणजे जुना डाग अर्धवट गेला आणि नवा बसला, शिवाय ॲसिड रंगावर हवं त्यापेक्षा जास्त वेळ राहिलं.

बरोबर रीत अशी. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड 50 ग्रॅम, एक लिटर आरओच्या गाळलेल्या पाण्यात विरघळवा. ते नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. हातात रबरी मोजे घाला. आधी एखाद्या कोपऱ्यात, दाराच्या खालच्या बाजूला, लावून बघा. मग मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून डागांवर एक-दोन मिनिटं पसरून ठेवा. घासायचं नाही. फडकं वाळायला लागलं तर वर पुन्हा फवारा. उचलताना एकाच दिशेने हलकेच पुसा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. आता सोडा: लिटरभर पाण्यात एक चमचा घालून तो भाग पुसा, म्हणजे फटींत राहिलेलं ॲसिड मरतं. मग शाम्पू, स्वच्छ पाणी, कोरडं फडकं. एका वेळी एकच पॅनेल घ्या. दोन-तीन वेळा करूनही खरखर राहिली तर थांबा; सल्फेट आणि सिलिका व्हिनेगरला दाद देत नाहीत, त्यांना पॉलिशच लागतं. मॅट रंगावर, पत्रा उघडा पडलेल्या ओरखड्यावर आणि रंग न दिलेल्या ॲल्युमिनियमवर हे करू नका. ॲसिडने जुना वॅक्स उतरतो, त्यामुळे शेवटी नवा हात द्यावाच लागतो.

बेसमेंटच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ वेगळ्या जातीचे. ते काँक्रीटमधला चुना घेऊन येतात आणि ते पाणी तीव्र अल्कधर्मी असतं. वरचा थर सायट्रिकने निघतो, पण खालचा रंग बहुधा मेलेला सापडतो. अशा जागी गाडी लावत असाल तर डाग काढायच्या आधी कमिटीच्या मागे लागून गळती बंद करून घ्या.

'टूथपेस्ट घासा.' टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा खडूची भुकटी असते, दातांच्या इनॅमलसाठी बेतलेली. इनॅमल क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. बोटाने एकाच जागी घासल्यावर डाग पुसट होतो खरा, पण भोवती धुरकट चट्टा उठतो, जो काळ्या-निळ्या गाडीवर लांबूनही दिसतो. क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. त्यातला एखाद-दोन मायक्रॉनच खर्चायचा असेल तर साधनही तसंच हवं.

खड्डा पडलेल्या डागासाठी नाना पेठेत किंवा ऑनलाइन फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोमचा पॅड मिळतो. ड्युअल ॲक्शन मशीन, म्हणजे पॅड फिरवता फिरवता हलवणारं पॉलिशचं यंत्र, भाड्याने किंवा मित्राकडून मिळालं तर उत्तम. गरगर एकाच अक्षावर फिरणारं रोटरी नवख्याने हातात घेऊ नये, कडांवर रंग जाळतं. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या, पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके, मशीन मधल्या वेगावर, हात सावकाश, आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे. पुसा, टॉर्चने बघा. फरक नसेल तरच एक पायरी जाड, म्हणजे कॉम्पाउंड. तेही दोनदा करून डाग राहिला तर तो तसाच सोडा. खोल खड्ड्याचा पाठलाग करताना क्लिअर कोटच संपतो आणि मग पॅनेल रंगवण्यावाचून उपाय नसतो. डिटेलिंगवाल्याचे पैसे इथे वसूल होतात, पण त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर असेल आणि मशीन लावण्याआधी तो ते वापरत असेल तरच.

काचेसाठी काही जण संडास साफ करायचं लिक्विड सुचवतात. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. काच टिकेल, पण ओघळ गेला तिथली क्रोमची पट्टी, पत्रा आणि रंग टिकणार नाही. काचेला आधी वरचं सायट्रिक, न जमल्यास सेरियम ऑक्साइडचं पॉलिश.

खोबरेल तेलाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डाग ओला असला की दिसत नाही, तेल त्याला ओला ठेवतं. दोन दिवसांत त्यावर मेट्रोच्या कामाची धूळ चिकटते.

'आरओचं वाया जाणारं पाणी वापरा.' पाणी वाचवायची इच्छा चांगली, जागा चुकीची. आरओ क्षार नाहीसे करत नाही, ते वाया जाणाऱ्या पाण्यात जमा करतो. 500 टीडीएसच्या तीन लिटरमधून एक लिटर पिण्याचं निघालं, तर उरलेल्या दोन लिटरचा टीडीएस 700 च्या वर जातो. ते फरशी पुसायला आणि संडासात वापरा. गाडीच्या शेवटच्या हातासाठी दोन-तीन लिटर आरओचं गाळलेलं पाणी किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी, ज्यात क्षार जवळपास नसतातच, कितीतरी बरं. सोसायटीत सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मवाळ करणारं यंत्र, असला तर मीटरवर टीडीएस फारसा घटलेला दिसणार नाही, कारण कॅल्शियमची जागा सोडियम घेतं. डाग तरीही पडतात, पण ओल्या फडक्याने निघतात.

खरं तर बहुतेक गाड्यांवर डाग पडतात ते सकाळी बादलीभर पाण्यात पाच गाड्या पुसल्या जातात म्हणून. ओल्या फडक्याने पुसून गाडी तशीच वाळायला सोडायची, हाच रोजचा कारखाना. धुणाऱ्या दादांना दुसरं कोरडं मायक्रोफायबर आणून द्या आणि रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा धुवायला सांगा.

'सिरॅमिक कोटिंगवर डाग पडत नाहीत.' उलट, या कोटिंगवर, म्हणजे रंगावर चढवलेल्या पाणी झटकणाऱ्या कडक थरावर, पाणी टपोऱ्या थेंबांत उभं राहतं आणि प्रत्येक थेंब जागेवरच वाळला तर ठळक कडं सोडतो. फायदा एवढाच की ताजा क्षार घट्ट धरत नाही, एक-दोन दिवसांत पुसला तर सहज निघतो. उशीर केला तर कोटिंगमध्येच खड्डा पडतो, आणि तो पॉलिशने काढायचा म्हणजे तिथलं कोटिंगही गेलं. पैसे देण्याआधी वॉरंटी कार्डावरच्या बारीक अक्षरांत पाण्याचे डाग वगळलेत का, ते वाचून घ्या.