थंडी वाजणार, हे आधीच सांगा

गर्भपाताच्या शस्त्रक्रियेवरच्या तुमच्या लेखात ‘शस्त्रक्रियेआधी गर्भपिशवीचं तोंड मऊ करतात’ एवढं एकच वाक्य आहे. बायका नेमकं तेच खोदून विचारतात. मी सोलापुरात नर्स आहे, म्हणून लिहिते. मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या २०० मायक्रोग्रॅमच्या दोन गोळ्या जिभेखाली ठेवल्या तर तास-दोन तासांत गर्भपिशवीचं तोंड सैल होतं. योनीमार्गात ठेवल्या तर तीनेक तास धरा. मग ओटीपोटात कळा, थोडा रक्तस्राव आणि हुडहुडी. इथल्या मे महिन्यात बाई चादर गुंडाळून कुडकुडते, सासूबाई डॉक्टरांना हाका मारत सुटतात! दिवस जास्त गेले असतील तर समुद्री शेवाळाची लॅमिनारिया कांडी रात्रभर ठेवतात, ती ओल शोषून फुगते. आणि हो, सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यानं तिची स्वतःची संमती पुरते.