जावयाला मान, मेहुण्याला बॅटरी

आपल्याकडे जावयाला मान असतो आणि मेहुण्याला बॅटरी. दाजी गाडीखाली शिरतात, मी बाहेर उकिडवा बसून उजेड पाडतो, आणि तो कुठेही पाडला तरी चुकीच्याच जागी पडतो. "तिथे काय बघतोस? इथे धर!" हे 'इथे' म्हणजे नेमकं कुठे, ते गाडीखालून सांगता येत नाही आणि बाहेरून दिसत नाही. माझे रविवार असे जातात.

दाजींनी लष्कराच्या लिलावातून निघालेली जोंगा घेतली तेव्हापासून हे चालू आहे. जोंगा म्हणजे मूळची निस्सानची गाडी, जबलपूरच्या कारखान्यात आपल्या सैन्यासाठी बनलेली. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल, ताकद ११० हॉर्सपॉवरच्या आसपास. लष्कराला हे परवडत होतं कारण पेट्रोल सरकार भरत होतं. दाजी महापालिकेतून निवृत्त झालेले आहेत. लष्करात ते कधी नव्हते, पण जोंगा आल्यापासून दाराची कडी लावतानाही टाच जुळवतात.

एके दिवशी त्यांना कुठूनशी बातमी लागली की मागून ठोकलेली एक मर्सिडीज एस ५०० भंगारात निघाली आहे आणि तिचं इंजिन ठणठणीत आहे. झालं! इंजिन टेम्पोतून घरी आलं. व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडर, ४९६६ सीसी, ३०६ हॉर्सपॉवर. एका सिलिंडरला दोन या हिशेबाने सोळा स्पार्क प्लग. दाजी ते सोळा प्लग येणाऱ्याजाणाऱ्याला मोजून दाखवत. पाहुण्यांनी चहा अर्धा सोडून मोजले.

ताईने एकच प्रश्न विचारला. "ही गाडी थांबते कशाने?"

चारही चाकांना ड्रम ब्रेक. पूर्वीपासूनचेच.

"मग आधी थांबायचं बघा," असं म्हणून ती आत गेली. या सगळ्या प्रकरणातलं अभियांत्रिकीचं एवढं एकच शहाणं वाक्य एका संस्कृतच्या शिक्षिकेने उच्चारलं, याची नोंद व्हावी.

भोसरीतल्या मिस्त्रींनी टेप लावून माप घेतलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. मिस्त्रींचं 'च्च' साधारण हजारांत मोजायचं असतं. आलिशान गाडीत इंजिनाखाली आडवा लोखंडी ॲक्सल नसतो. जोंगात असतो, त्यावर डिफरन्शियलचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या गिअरांचा, गोळा. खड्ड्यात चाक उचललं की तो गोळा थेट इंजिनाच्या तळाच्या ऑइल-टाकीला भिडणार. इंजिन वर घ्यावं तर बॉनेट बसेना. गिअरबॉक्सची भोकं इंजिनाच्या भोकांशी जुळेनात, म्हणून मधे जाड पोलादी प्लेट लेथवर कातून घ्यावी लागली. ती पहिल्यांदा आरशातल्यासारखी उलटी झाली. बॅटरी मी धरली होती, त्यामुळे दोष कोणाचा ते सांगायला नको.

एवढं करून इंजिन सुरू होईना. या इंजिनाचा संगणक, गाडीची किल्ली आणि किल्लीचं कुलूप ही सगळी एकमेकांना ओळखतात. एक जरी परकं दिसलं तरी स्टार्ट नाही. चोराला रोखायचं म्हटलं तर अगदी योग्य व्यवस्था. आमच्यासाठी मात्र ते रुसलेल्या जावयासारखं बसून राहिलं: माझी किल्ली आणा, माझं कुलूप आणा, माझं पेडल आणा. "ॲक्सिलरेटरला सरळ तार जोडा ना," दाजी म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "जोडतो. कुठं जोडू ते दाखवा." दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी उजेड पाडला. तिथे तार जोडायला काहीच नव्हतं. पेडलचं सगळं सेन्सरवर.

मग मिस्त्रींनी हात पुसत विचारलं, "दाजी, तुम्हाला मर्सिडीजचंच इंजिन पाहिजे ना? मग ट्रॅक्सचं टाका."

दाजींचा चेहरा बॅटरीशिवायही दिसला.

पण मिस्त्री खोटं बोलत नव्हते. जर्मनीत १९७३ मध्ये २४० डी नावाची मर्सिडीज निघाली, तिकडे टॅक्सीवाल्यांची लाडकी. तिचं ते चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ओएम ६१६, आकुर्डीच्या बजाज टेम्पोने परवान्यावर इथे बनवलं आणि ट्रॅक्समध्ये बसवलं. म्हणजे तुम्ही कधी वडापने, माणशी पैसे घेणाऱ्या ट्रॅक्समधून, गावी गेला असाल, मांडीवर कुणाचं तरी पोर आणि पायाखाली कुणाची तरी कोंबडी घेऊन, तर तुम्ही मर्सिडीजच्या इंजिनानेच गेलात. कुणी सांगितलं नाही म्हणून मिरवायचं राहिलं.

दाजी काही दिवस रुसले. मग हिशेब केला, मग पुन्हा रुसले, आणि शेवटी तयार झाले. ११० काढून ३०६ बसवायला निघालेला माणूस ७२ हॉर्सपॉवरवर आला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल मनाला येईल तसा करता येत नाही, आणि इथे तर पेट्रोलचं डिझेल होत होतं. तेव्हा परवानगी, तपासणी, नोंदणीपुस्तकात नवा इंजिन नंबर. तपासायला आलेल्या साहेबांना चासीवरचा नंबर दिसेना. बॅटरी मीच धरली. साहेबही म्हणाले, "तिथे नाही हो, इथे!"

व्ही-८ पार्किंगमध्येच आहे. त्यावर पाट ठेवून ताई कुरडया वाळवते. जागा सपाट नाही, पण उंच आहे, मांजर चढत नाही.

जोंगा घेऊन आम्ही पहिल्यांदा वाईला निघालो. शिरवळच्या पुढे रस्त्याकडेला एक म्हातारबाबा पाठमोरे उभे होते. मागे न वळताच त्यांनी हात केला. दाजींनी सवयीने ब्रेक दाबला, आणि ते चार ड्रम गाडी थांबवीपर्यंत बाबांना बरंच चालावं लागलं. ते मागे चढले, पोतं माझ्या पायावर ठेवलं.

"बाबा, हे मर्सिडीजचं इंजिन आहे," दाजी आरशात बघत म्हणाले.

"व्हय, वडापाचंच," बाबा म्हणाले. "आवाज वळखला की मी."

सुरूर फाट्याला त्यांनी वीस रुपये काढले. दाजी 'नको नको' म्हणाले, बाबांनी नोट डॅशबोर्डवर ठेवली आणि उतरले. फाट्यावर एक कुटुंब हात करत होतं.

"मागे सरक रे जरा," दाजी मला म्हणाले, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "वाई का?"