‘अंडर द डोम’ आठवडाभर चीनमध्ये दिसत होता

चीनमधील प्रदूषणावरचा ‘अंडर द डोम’ हा माहितीपट तिथल्या सरकारने लोकांपर्यंत पोहोचूच दिला नाही, असा मजकूर फिरतो आहे. हे बरोबर नाही. सरकारी वाहिनीतून बाहेर पडलेल्या पत्रकार चाय जिंग यांनी स्वतःच्या पैशांतून केलेला हा माहितीपट २८ फेब्रुवारी २०१५ रोजी इंटरनेटवर आला, आणि तोही सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राच्या संकेतस्थळावरसुद्धा! तेव्हाचे नवे पर्यावरणमंत्री छन जीनिंग यांनी तर मेसेज पाठवून चाय जिंग यांचे आभार मानले. काही दिवसांतच तो दहा कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला.

कात्री लागली ती त्यानंतर. ५ मार्चला संसदेचं वार्षिक अधिवेशन सुरू झालं, आणि एक-दोन दिवसांतच चीनमधल्या व्हिडिओ साइटवरून तो काढून टाकला गेला. आधी कौतुक, मग गायब. माझ्या मते साध्या बंदीपेक्षा हे जास्त गंभीर आहे, म्हणूनच तपशील नीट सांगायला हवा.

चाय जिंग यांच्या मुलीला कर्करोग होता, असंही सांगितलं जातं; तेही चूक. गाठ साधी होती, ती जन्मानंतर शस्त्रक्रियेने काढली.