बाफल्यांसाठी उड्डाण

इंदूरच्या रामबागेत कोणाकडे वैमानिकाचा परवाना आहे, ही बातमी सगळीकडे पोचायला एक दुपार पुरते. मग प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीत?" खासगी परवाना आहे, हौसेचा, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "म्हणजे नोकरी नाही!" वय किमान 17, डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा, कमीत कमी 40 तासांचं उड्डाण आणि खिशाला भगदाड, एवढं सगळं करून जो परवाना हातात पडतो, त्यावर प्रवाशाकडून भाडं घेता येत नाही. हवाई वाहतुकीच्या सगळ्या नियमांत आमच्या आतोबांना हा एकच नियम मनापासून पटला.

"मग ने की आम्हाला एकदा," आत्या म्हणाली.

माळव्यात छोट्या हवाई पट्ट्या बऱ्याच आहेत. उज्जैनजवळ आहे, रतलामजवळ आहे. मंत्री येणार असले की झाडूनपुसून लख्ख, एरवी गुरांच्या ताब्यात. अशाच एका पट्टीपासून जवळ आतोबांच्या मित्राचं शेत, आणि शेतावर दाल-बाफल्यांचा बेत. बाफले म्हणजे आधी उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे. पट्टी कुठली ते सांगत नाही, तिथल्या चौकीदाराशी माझं बरं चाललंय.

रस्त्याने दीड तास, हवेतून वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांसाठी आधी पट्टीवर उतरायची लेखी परवानगी, फ्लाइट प्लॅन, हवामान, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर आणि हवाई संरक्षणवाल्यांचा एडीसी नंबर. हा शेवटचा म्हणजे आपण शत्रू नाही, याची पावती. कागदांचं काही वाटत नाही हो, कागद उलट बोलत नाहीत. खरा पेच वजनाचा. आमच्या सेसना 172 पी विमानाचं उड्डाणाच्या वेळचं वजन 1,089 किलोच्या वर जाता कामा नये. त्यात विमान आलं, इंधन आलं, माणसं आली, आत्याचा चिवड्याचा डबाही आला. इंधन कमी भरता येतं. आतोबा कमी भरता येत नाहीत.

फोनवर विचारलं, "आत्या, तुझं वजन किती?"

"कशाला? पालखी करतोयस का माझ्यासाठी?"

"विमानाच्या हिशेबाला लागतं."

बराच वेळ शांतता. मग, "अठ्ठावन्न."

"हे कधीचं?"

"धाकट्याच्या मुंजीच्या वेळचं."

धाकट्याचे आता गृहकर्जाचे हप्ते चालू आहेत. मी माझ्या मनानेच वीस किलो वाढवले आणि टाकीत अठ्ठावीस लिटर इंधन कमी ठेवायला सांगितलं. लिटरमागे 0.72 किलो, हिशेब बरोबर बसतो.

सकाळी विमानाभोवती फिरून तपासणी करताना दोघं माझ्या मागे. पंखाखालच्या झडपेतून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढतात. पाणी शिरलं असेल तर ते तळाला वेगळं दिसतं. नळी उजेडात धरली. स्वच्छ, फिकट निळं. विमानाच्या या पेट्रोलला तसा रंगच घातलेला असतो.

"अरे, हे तर रेशनचं रॉकेल!" आत्या ओरडली. आतोबांनी नाक जवळ नेऊन वास घेतला आणि "नाही नाही, पेट्रोलच," असा दाखला दिला. तेव्हा कुठे ती आत चढली.

धावपट्टीच्या तोंडाशी टॉवरने थांबवलं. आमच्यासमोर एक भलंमोठं विमान उडून गेलं. त्याच्या मागे हवेत भोवरे राहतात, ते विरेपर्यंत लहानाने निमूट उभं राहायचं. "फाटक पडलं वाटतं," आत्या म्हणाली आणि चिवड्याचा डबा उघडला. विमानाच्या नोंदणीतली व्ही-टी ही अक्षरं सांगताना मी रेडिओवर "व्हिक्टर टँगो" म्हटलं की मागून विचारणा, "हा व्हिक्टर कोण? कधी घरी आणला नाहीस."

वरचं काय सांगू. शेतं, तळी, एक रेल्वे. दोघंही चक्क गप्प होते.

पट्टीवर ना टॉवर, ना कोणी बोलणारं. वाऱ्याची दिशा सांगणाऱ्या कापडी नळीची चिंधी झालेली. ती बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून शेजारच्या वीटभट्टीचा धूर बघितला. धूर सांगत होता पश्चिमेकडे तोंड करून उतर. आणि धावपट्टीच्या मधोमध एक म्हैस सांगत होती, उतरू नकोस. खालून एक फेरी मारली. म्हशीने मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि रवंथ पुढे चालू. इतक्यात झाडाखालून दोन माणसं धावत आली नि तिला हाकलू लागली. एक चौकीदार. दुसरा आमचा ड्रायव्हर! पट्टीवर रिक्षा मिळत नाही म्हणून त्याला गाडी घेऊन रस्त्याने पुढे पाठवला होता. आम्ही उतरलो तेव्हा त्याचा दुसरा चहा झाला होता.

जेवणाचं विचारू नका. तुपात बुडवलेले बाफले, डाळ, वर लाडू. आतोबांनी चौथा बाफला घेतला तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरेना. दुपारच्या उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, विमान जास्त लांब पळतं. आणि पट्टी काही जेवणानंतर लांब होत नाही. त्यात यजमानांनी निघताना लसणाचं पोतं आणून ठेवलं. माळव्यातला माणूस पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही.

मी खिशातून कागद-पेन काढलं. "आत्या, परत जाण्याआधी एकदा वजनाचं..."

आत्या उठली, पोतं ड्रायव्हरकडून डिकीत ठेववलं आणि स्वतः गाडीत मागच्या सीटवर ऐसपैस बसली. "तुम्ही दोघं या वरून. याच्या गाडीत एसी आहे, आणि हा काही विचारत नाही."