उष्ट्या हाताचा उपदेश

ब्युनोस आयर्समध्ये एका परक्या आजोबांनी माझ्या ताटलीत हात घातला. तोही उष्टा. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आवेनिदा कोरिएन्तेस या रस्त्यावरच्या जुन्या पिझ्झेरियांत उभ्याने खाणारे बरेच. आधी गल्ल्यावर पैसे, मग चिठ्ठी काउंटरवर द्यायची, तुकडा उचलायचा आणि कोपर टेकायला जागा शोधायची. टेबलावर बसलं की बऱ्याच ठिकाणी माणशी ‘कुबिएर्तो’ नावाचा आकार लागतो, पावाची टोपली आणि काटे-चमच्यांचा. पावाला शिवा, नाहीतर शिवू नका. म्हणून मी उभा.

ताटलीत मोझरेला पिझ्झ्याचा जाडजूड तुकडा आणि शेजारी फायना. फायना म्हणजे जेनोव्हाकडच्या लोकांनी इकडे आणलेलं, भट्टीत भाजलेलं हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं. मी ते वेगळं खात होतो. शेजारचे आजोबा थबकले.

“असं नाही.”

“काय असं नाही?”

उत्तर नाही. चीजने माखलेल्या दोन बोटांनी त्यांनी माझं फायना उचललं, पिझ्झ्यावर ठेवलं, टोकाला टोक जुळवलं आणि वरून तळहाताने दाबलं.

“अहो, मला वेगळंच आवडतं.”

“तुला अजून कळलेलं नाही,” ते मायेने म्हणाले.

मग पाठ सुरू. एक भाग पीठ, तीन भाग पाणी, वजनाने. मीठ, तेल. निदान दोन-तीन तास भिजू द्यायचं, नाहीतर कच्च्या पिठाचा वास राहतो. वरचा फेस काढायचा. थाळा तेल घालून आधी भट्टीत तापवायचा. थंड थाळ्यात ओतलं की बुडाला चिकटून चिंध्या होतात. वरून मिरपूड, तीही भरपूर. कडेचा तुकडा कुरकुरीत, मधला मऊ, आणि मी मागितला होता मधला. यावर त्यांनी नुसती मान हलवली. पिढ्यान् पिढ्या पिठलं खाऊन वाढलेल्या माणसाला बेसन शिकवत होते, आणि एकही गोष्ट चूक सांगत नव्हते. हाच खरा संताप.

विषय बदलावा म्हणून मी फुगासेता, म्हणजे कांद्याचा पिझ्झा, चांगला का, विचारलं. तर कांद्यावर व्याख्यान. कणकेच्या दोन थरांत चीज, वर कच्चा कांदा. तो मीठ लावून पिळून घेतला नाही तर पाणी सुटतं, वरचा थर ओला राहतो आणि भाजण्याऐवजी उकडतो.

बरं, पळून जावं कुठे? संध्याकाळचे सात वाजलेले. बऱ्याच रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं साडेआठशिवाय पेटत नाहीत, लोक नऊ-दहाला जेवतात. त्याआधी कॅफेत कॉफी आणि गोडसर मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीसारखे छोटे क्रोसाँ. आपली रात्रीच्या जेवणाची वेळ म्हणजे त्यांची खुर्च्या पुसायची वेळ. भुकेल्या माणसाने दोन तास काय करायचं, याची फिकीर या शहरात कुणालाही नाही.

“बरं लागतंय ना?” आजोबांनी विचारलं. माझं तोंड भरलेलं. मग त्यांची नजर माझ्या पाण्याच्या बाटलीवर गेली.

“पिझ्झ्याबरोबर पाणी?”

त्यांनी काउंटरवाल्याला हाक मारून माझ्यासाठी मोस्कातो या गोड वाइनचा ग्लास सांगितला. काउंटरवाल्याने चिठ्ठी मागितली. ती आणायला गल्ल्याच्या रांगेत पुन्हा मीच उभा राहिलो.